पायरीवरची पाच मिनिटं

"आली बघा," हणमंत म्हणाला आणि बटणावरचं बोट त्यानं काढून घेतलं. "आता कशाला दाबायचं? न्हाई व्हायचा चालू."

वनिता दारात चपला काढत होती. तिनं ऐकलं असणार, कारण एक चप्पल पायात आणि एक हातात अशी ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग दुसरीही काढली, दोन्ही भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि आत येऊन सगळ्यांच्या मागं बसली.

"दाब," मी हणमंतला म्हणालो.

त्यानं दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा एकदा गुरगुरला, हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. पडदा काळाच.

"मी काय म्हनलं?"

"परत दाब."

पुन्हा तेच. गुरगुर, लुकलुक, शांत. तिसऱ्यांदाही तेच. दीपालीनं वही पुढं ओढली आणि न विचारताच लिहायला घेतलं.

ही २००६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनवर काम करून मी माण तालुक्यातल्या माझ्या गावी परत आलो होतो. तालुक्याच्या एका कचेरीनं जुना म्हणून काढलेला कॉम्प्युटर गावच्या वाचनालयाला मिळाला. तो कुणाला चालवता येईना, तेव्हा वाचनालयाच्या चिटणीसांनी मला विचारलं, "नाना, तुम्ही तारांतले माणूस. बघता का?" मला कॉम्प्युटरमधलं फार येत नव्हतं. पण पोरांना शिकवायचं म्हटल्यावर मी एक पुस्तक आणलं, रोज सकाळी एक प्रकरण वाचायचं आणि साडेचारला तेच पोरांना शिकवायचं, असा उद्योग सुरू केला. पाचवी ते सातवीतली नऊ पोरं यायची. ती माझ्यापेक्षा लवकर शिकायची, आणि त्याचा मला फार आनंद व्हायचा.

मग डिसेंबरात त्या यंत्राला हा रोग जडला. कधी चालू व्हायचं, कधी नाही. एकदा चालू झालं की वर्ग संपेपर्यंत छान चालायचं. भानगड सगळी सुरू होण्यात.

मी ते तालुक्याला नेलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या पोरानं माझ्यासमोर तीनदा चालू केलं आणि तीनदा ते चालू झालं. "आजोबा, काही झालेलं नाही ह्याला," तो म्हणाला. एस.टी.च्या सीटवर मांडीवर घेऊन मी ते परत आणलं, आणि संध्याकाळी पुन्हा गुरगुर, लुकलुक, शांत. आम्ही झाकण उघडून धूळ झाडली. आतल्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसल्या. हणमंतनं घरून नारळ आणून फोडला आणि डब्यावर हळदकुंकू वाहिलं. ते मी फक्त फटींत जाणार नाही एवढं पुसून घेतलं. बाकी राहू दिलं.

मुळीच न लागणारा फोन सोपा असतो. कुठंतरी तार तुटलेली असते, शोधली की सापडते. जो फोन कधी लागतो आणि कधी लागत नाही, तो माणसाला रडवतो. तसल्या फोनसाठी आमच्याकडं एकच उपाय होता: वही. मी पोरांना दोनशे पानी वही आणून दिली आणि रकाने आखायला लावले. तारीख, वेळ, कोण हजर, काय केलं, काय झालं. नियम तीन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक गोष्ट तीनदा करून बघायची. आणि लिहिलेलं काही खोडायचं नाही, चुकलं असलं तरी.

पहिल्या पानावरची पहिली नोंद माझ्या हातची होती. एका सकाळी मीटर लावून मी प्लगमधली वीज मोजली. दोनशे पंचवीस. 'वीज ठीक' असं लिहून पुढं बरोबरची खूण केली, ती चांगली ठसठशीत.

'कोण हजर' हा रकाना आमच्या खात्यातला. तिथं त्याचा अर्थ कामावर कोण होतं एवढाच. मी तो सवयीनं आखून दिला होता.

"नाना," दीपाली वहीवरून बोट फिरवत म्हणाली, "मी मोजलं." दीपालीला मोजायला आवडायचं. तिच्या बोलण्यात वाईट काही नसायचं आणि गोडही काही नसायचं. "वनी तेरा दिवस आली. त्यातले अकरा दिवस चालू झाला नाही. नऊ दिवस आली नाही. त्या नऊच्या नऊ दिवशी चालू झाला."



"अन् आजचा धरून बारा," हणमंत म्हणाला.

"दाखव इकडं." मी वही घेतली. हिशोब बरोबर होता.

"आमची आजी म्हनती, ही पांढऱ्या पायाचीच हाय. हिचा बाप पन—"

"हणमंत!"

तो गप्प झाला. हणमंत वाईट पोरगा नव्हता. वर्गात सगळ्यात आधी येऊन झाडून घ्यायचा तोच. जे घरात ऐकलं ते दारात बोलायचा, इतकंच.

मी वनीकडं पाहिलं. ती सातवीत होती. वाचनालयासमोर, गल्लीच्या पलीकडं, तिच्या आईची पिठाची गिरणी होती. आई, सुभद्रा, दिवसा दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. ती लवकर परतली तरच वनीला आमच्याकडं यायला मिळायचं; नाहीतर लोकांनी आणून ठेवलेल्या डब्यांवर लक्ष ठेवायला तिला गिरणीत बसावं लागायचं. त्यामुळं ती आली की पळतच यायची, केसांवर थोडं पीठ घेऊन. आता ती मान खाली घालून आपल्या पावलांकडं बघत होती. बघत होती म्हणजे खरंच बघत होती, जणू तिथं काही लिहिलेलं आहे.

"मी जाते घरी," ती म्हणाली.

"कुठं जायचं नाही. असल्या गोष्टीवर आपण भांडत नाही. आपण तपासतो. तपासलं की आपोआप मिटतं." मला स्वतःचं हे बोलणं त्या वेळी फार आवडलं होतं, म्हणून ते अजून शब्दाला शब्द आठवतं. "बाळ, तू फक्त पाच मिनिटं पायरीवर जाऊन बस. आम्ही तीनदा बटण दाबतो. चालू होणार नाही. म्हणजे मग सगळ्यांचं समाधान."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

हणमंतनं बटण दाबलं. गुरगुर, लुकलुक, शांत.

"पाहिलंस?" मी म्हणालो.

"अजून एकदा, नाना. तीनदा म्हनलाय तुम्ही."

दुसऱ्यांदाही नाही. आता मी पैज जिंकल्यासारखा सगळ्यांकडं बघत होतो. थोडा वेळ जाऊ द्यायचा आमचा नियम होता, म्हणून थोडं थांबलो. मग हणमंतनं तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि पंखा गुरगुरला तो गुरगुरतच राहिला. दिवा हिरवा टिकला. 'टुक्' असा आवाज झाला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली.

"झालाऽ!" सगळी पोरं एकदम ओरडली. आणि त्यात, खरं सांगतो, माझ्याही तोंडून "वा!" निघालं. आठवडाभरात पहिल्यांदा चालू झाला होता.

मी दाराकडं वळलो. पायरी रिकामी होती. गल्ली ओलांडून सुभद्रा वनीचा हात धरून तिला घेऊन चालली होती. वनी अनवाणी होती. तिच्या चपला दाराशी भिंतीला लावून तशाच होत्या.

"काय लिहू?" दीपालीनं विचारलं.

"झालं ते लिही."

तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: वनिता बाहेर. चालू झाला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला वनी आली नाही. चपला न्यायलाही आली नाही. पोरं जरा जास्तच शहाण्यासारखी बसली होती. हणमंतनं झाडलोट केली होती, पण चपलांभोवतीनं. त्यांना केरसुणीही लागू दिली नव्हती.

"दाब," मी म्हणालो.

गुरगुर, लुकलुक, शांत.

हणमंतनं चमकून माझ्याकडं बघितलं. पुन्हा दाबलं. पुन्हा शांत. तिसऱ्यांदा त्यानं अंगठ्यानं दाबलं, जोर लावून. काही नाही.

"पण ती तर आलीच नाही," दीपाली म्हणाली. तिच्या आवाजात माझ्यापेक्षाही जास्त आश्चर्य होतं. "नाना, लिहू?"

"लिही. वनिता गैरहजर. चालू झाला नाही."

हणमंत डोकं खाजवत दारापर्यंत गेला आणि एकदम वळला. "चपला! नाना, तिच्या चपला हायत की हितं!"

एखाद्या माणसाला एवढा मोठा शोध लागल्यावर त्याला काय बोलणार? मी उठलो. "बरं. मग ह्या चपला मी नेऊन देतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी बटण दाबा." वही काखेत मारली, चपला हातात घेतल्या आणि गल्ली ओलांडली. चार पावलांचीच गल्ली. ती ओलांडायला मला एक दिवस लागला होता.

गिरणीच्या दारात तीन बाया आपापले डबे घेऊन बसल्या होत्या. आत सुभद्रा तोंडाला आणि केसांना फडकं बांधून दगडांपाशी उभी होती. भुवया, पापण्या सगळं पांढरं. मोटर घरघरत होती, पट्टा फटफटत होता. मागं पोत्यावर वनी बसलेली. तिनं मला पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"सुभद्रा!" मी ओरडलो.

तिनं मान वर केली. "काय?"

"चपला आणल्यात!"

"ठेवा तिथं!"

"वनीशी बोलायचंय!"

"ऐकू येत न्हाई!"

ऐकू तिला छान येत होतं. त्या आवाजात बाया कुजबुजल्या तरी तिला कळायचं. मी अजून एक पाऊल आत गेलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "चुकलो मी!"

दारातल्या तिन्ही बाया माझ्याकडं बघायला लागल्या. सुभद्रानं सुपातले उरलेले गहू हातानं खाली लोटले, ते दळून होऊ दिले आणि खटका ओढला. पट्टा मंदावला, दगड घुटमळत घुटमळत थांबला. त्या शांततेत कान बधिर झाल्यासारखे वाटले.

"आता म्हणा," ती म्हणाली.

ओरडून म्हणणं सोपं होतं. आता हळू म्हणायचं होतं, आणि बाया ऐकत होत्या.

"चुकलो. पोरीला बाहेर बसवायला नको होतं."

सुभद्रानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "नाना, गावातली माणसं बोलतात. मी इथं असते, गिरणी चालू असते, माझ्यापर्यंत येत न्हाई. सासू बोलायची, तिलाही मी कधी उलटून बोलले न्हाई. पण ही पोरगी घरी येऊन सांगते, नाना असं म्हणाले, नाना तसं म्हणाले. शाळेतल्या गुरुजींचं कधी सांगितलं न्हाई तिनं. अन् तुम्ही तिला बाहेर बसवलीत. मी हितनं बघितली एकटी बसलेली. तशी गिरणी बंद करून पळत आले. का गं म्हनलं, तर म्हणते, आई, मी आत असले की होत न्हाई. आणि तेवढ्यात आतनं तुम्ही सगळे ओरडलात." तिनं वनीकडं पाहिलं. "तिचे वडील गेले तेव्हा ही माझ्या पोटात होती. तिचा पाय तेव्हा जमिनीला लागलाही नव्हता, नाना."

मी काही बोलणार होतो.  तेवढ्यात वाचनालयाच्या दारातून हणमंतची आरोळी आली.

"नानाऽ! झालाऽ चालू! चपला गेल्या आन् झाला चालू!"

सुभद्रानं डोळे मिटून घेतले. पण मागं पोत्यावर काहीतरी हललं. वनी उठून उभी राहिली होती.

"आई," ती म्हणाली, "गिरणी चालू कर."

"काय?"

"चालू कर की. कर ना."

"अगं, सुपात दाणा न्हाई—"

"थोडे गहू टाक. पण कर."

आणि मग ती गिरणीच्या दारात आली, अनवाणीच, आणि गल्लीपलीकडं ओरडली, "हणम्या! तो बंद कर. अन् परत लाव!"

हणमंत इतका गोंधळला की त्यानं मुकाट्यानं ऐकलं. सुभद्रानं माझ्याकडं बघितलं; मी खांदे उडवले. तिनं मूठभर गहू टाकले आणि खटका लावला. घरघर, फटफट. आम्ही समोर बघत राहिलो. थोड्या वेळानं हणमंत दारात आला आणि दोन्ही हात हलवून नाही, नाही अशी खूण केली.

"आता बंद," वनी म्हणाली.

दगड थांबला. हणमंत आत गेला. "झालाऽ!"

"परत चालू."

नाही.

"बंद."

"झालाऽ!"

"तिसऱ्यांदा," वनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीनदा करायचं असतं."

तिसऱ्यांदाही तसंच झालं. दारातल्या बायांपैकी एकीनं विचारलं, "पोरी, माझं दळण तुझ्या ह्या खेळात कधी व्हायचं?" पण ती उठली नाही, तिलाही आता बघायचं होतं.

"काल पायरीवर बसले होते ना," वनी सांगू लागली. तिचे डोळे अजून लाल होते, पण आवाज भराभर येत होता. "आई गिरणी बंद करून आली. मग आतनं आवाज आला, झाला चालू. मला रात्री वाटलं, आधी काय झालं होतं? आधी गिरणी बंद झाली होती. मग आज बसून बघत होते. तुम्ही आलात, आईनं बंद केली, अन् हणम्या ओरडला. वही द्या."

मी वही दिली. पोत्यावर ती उघडून बसली. पिठाचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकू लागलं.

"मी येते म्हणजे आई आलेली असते. आई आली की गिरणी लावते. मी येत न्हाई तेव्हा आई रानात असते अन् मला मोटरला हात लावायची बंदी आहे." बोट थांबलं. "पण हे दोन दिवस. अकरा तारखेला मी आले होते अन् तरी झाला होता. आई, अकरा तारखेला काय होतं?"

सुभद्रानं बोटांवर दिवस मोजले. "टाकीवाला आला होता. दगड गुळगुळीत झाला होता, त्याला टाक्या घालत बसला होता संध्याकाळपर्यंत. गिरणी बंदच होती."

"अन् एकोणीसला?"

"पट्टा तुटला होता," दारातली बाई म्हणाली. "माझंच तर दळण अर्धं राहिलं होतं. इसरले व्हय मी?"

वनी वहीची पानं मागं मागं उलटत पहिल्या पानावर गेली. तिथं माझं अक्षर होतं. वीज ठीक. पुढं ठसठशीत खूण.

"नाना, हे तुम्ही कधी मोजलं?"

"सकाळी. नऊ वाजता."

"नऊला मी खुरपायला गेलेली असते," सुभद्रा म्हणाली.

माझा मीटर वाचनालयाच्या कपाटात होता. तो आणून गिरणी चालू असताना मोजलं तेव्हा काटा दीडशेच्याही खाली थरथरत होता. वाचनालय आणि गिरणी, दोन्ही तारेच्या शेवटच्या टोकाला, एकाच खांबावर; गिरणी लागली की आमची वीज खाली यायची. उन्हाळा असता तर गिरणी लागताच आमचा छताचा पंखा मंदावलेला एखाद्या पोराला दिसला असता. पण थंडीचे दिवस, पंखा बंद, साडेचारला उजेड, म्हणून दिवाही बंद. आणि गिरणीचा आवाज तर रोजचाच. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की मोजलेलं पुन्हा मोजा. एकदा खूण केली आणि त्या ओळीकडं महिनाभर फिरकलो नाही. त्याऐवजी एका पोरीला उठवून बाहेर बसवलं.

"पण एकदा चालू झाला की मग गिरणी लागली तरी चालतो तो," वनी म्हणाली. "तसं का?"

"म्हातारा झालाय तो," मी म्हणालो. "उठताना जोर लागतो. एकदा उठला की चालतो."

सुभद्रा हसली. हसली म्हणजे पापण्यांवरचं पीठ थोडं खाली पडलं. तिथंच ठरलं की साडेचारला आधी आमचा चालू होईल, मग पायरीवरून कुणीतरी हात वर करील, मग गिरणी लागेल. पुढं तालुक्याहून स्टॅबिलायझर येईपर्यंत दोन वर्षं गावाचं पीठ आमच्या कॉम्प्युटरची वाट बघायचं.

वनीनं चपला घातल्या आणि आम्ही परत वाचनालयात आलो. पोरं उभीच होती. हणमंतला दीपालीनं सगळं समजावून सांगितलं होतं, कारण ती मधे दोनदा येऊन ऐकून गेली होती. तो वनीच्या चपलांकडं बघत होता. तिनं त्या कालच्याच जागी काढल्या.

मी पेन घेतलं आणि वहीतल्या कालच्या ओळीवर टेकवलं. वनिता बाहेर. चालू झाला.

"काय करता?" वनीनं वहीवर हात ठेवला.

"खोडतो. चुकीचं आहे."

"चुकीचं कुठंय? झालं तेच लिहिलंय." तिनं हात काढला नाही. "खोडायचं न्हाई. तुमचाच नियम."

"मग काय करायचं?"

 तिनं खालचा ओठ दातांत धरला, ती विचार करताना धरायची तसा.

"सगळ्यांची पाळी घ्यायची. रोज एकानं बाहेर बसायचं, गिरणी बंद असताना. म्हणजे खाली सगळ्यांची नावं येतील. माझं एकटीचं नको."

हणमंतनं जमिनीकडं पाहिलं.

"आज कोण बसणार?" दीपालीनं विचारलं. तिनं पेन उचललंसुद्धा होतं.

वनी माझ्याकडं बघत होती. काल 'बरं' म्हणताना बघितलं होतं तसंच.

"मी बसतो," मी म्हणालो.

पायरी दगडाची होती आणि जानेवारीत ती किती गार पडते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गिरणीच्या दारातल्या बाया इकडंच बघत होत्या. सुभद्रा खटक्यावर हात ठेवून उभी. रस्त्यानं दूधवाला शंकर सायकल ढकलत आला आणि थांबला. "काय नाना, बाहेर का बसलाय?"  तो थोडा वेळ बघत राहिला आणि निघून गेला. आत पोरं काहीतरी हळू बोलत होती, मधेच कुणीतरी हसलं, आणि ते माझ्यावर आहे की दुसऱ्या कशावर हे बाहेरून कळत नव्हतं. मी माझ्या पायांकडं पाहिलं. खालच्या पायरीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले, टाचा फुटलेल्या. चौतीस वर्षं ते गावोगावच्या खांबांवर चढले होते. मी त्यांच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"झालाऽ!"

आत टाळ्या पडल्या. मी वाट बघितली. कुणी बोलवायला येईना.

"नाना बाहेर," लिहिता लिहिता दीपाली मोठ्यानं वाचत होती. "चालू झाला."

"उद्या मी बसतो," हणमंतचा आवाज आला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तरी कुणी आलं नाही. पाच मिनिटं व्हायची होती. ती सगळी होऊ दिली तिनं. मग दारात पावलं वाजली आणि वनी माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"या आत, नाना," ती म्हणाली. "तुमचे पाय चांगले आहेत."

उठताना मला जोर लागला. तिनं एक हात मला दिला आणि दुसरा उंच करून समोर आईला खूण केली, तशी गिरणी सुरू झाली.